मेथी निवडत केलेला रिसर्च

परवा पुन्हा रस्त्यावर मीठ पडलं. बर्फ यायच्या आधी इथे अमेरिकेत, आमच्या ॲन आर्बरमध्ये मोठ्या गाड्या फिरतात आणि रस्त्यावर मीठ शिंपडत जातात, आपण भाजीत घालतो तसं चिमटीने नाही, मुठीमुठीने, बेहिशोबी, आणि मग ते मीठ बुटांना लागून घरात येतं, पायपुसण्यावर येतं, माझ्या लेकीच्या, मैत्रीच्या जॅकेटच्या कडेला पांढरी रेघ होऊन बसतं. सुमेध, माझा नवरा, वैतागतो. मी नाही वैतागत. मला ती रेघ दिसली की हसू येतं, कारण माझा ऑनर्सचा अख्खा हिवाळा त्या मिठात मुरलाय.

ऑनर्स म्हणजे काय ते आधी सांगते, कारण मलाही माहीत नव्हतं. इथे डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला, ज्यांना हवं त्यांनी स्वतःचा एक रिसर्च करायचा, एका प्रोफेसरच्या हाताखाली, आणि एप्रिलमध्ये तिघांच्या कमिटीपुढे उभं राहून तो मांडायचा. त्यांना पटला तर डिग्रीवर ऑनर्स लागतं. नाही पटला तर साधी डिग्री मिळते, कुणी काही बोलत नाही. कुणी काही बोलत नाही, हेच मला जास्त भीतीचं वाटायचं. नागपूरला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षातून लग्न होऊन उठले तेव्हाही कुणी काही बोललं नव्हतं. फक्त सुमेधची एक मावशी मला अर्धी ग्रॅज्युएट म्हणायची, प्रेमानेच म्हणायची, पाहुण्यांसमोर म्हणायची, आणि मी चहाचा ट्रे धरून हसायचे.

पॅरामेडिकच्या, म्हणजे ॲम्ब्युलन्समधून येऊन उपचार करणाऱ्यांच्या वाटेला मी कशी लागले? मैत्री बाळ होती तेव्हा तिला तापात झटका आला. डोळे वर गेले, अंग ताठ झालं, सुमेध ऑफिसात, आणि मला फोनवर पत्ता सांगता येईना, स्वतःच्याच घराचा पत्ता. शेवटी कसाबसा सांगितला. ॲम्ब्युलन्स आली, त्यातून एक बाई उतरली, माझ्याएवढीच, जाडजूड बुटांत, ती सरळ माझ्या शेजारी फरशीवर बसली. खुर्चीवर नाही, फरशीवर. तिने मैत्रीला कुशीवर वळवलं आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली की हे थांबेल, मी इथेच आहे. थांबलं. ती गेली. मी मात्र त्या फरशीवरून उठलेच नाही असं मला कधी कधी वाटतं. मैत्री प्रीस्कूलला जायला लागल्यावर मी घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात छोटा कोर्स केला, मग पॅरामेडिकचा मोठा कोर्स, मग युनिव्हर्सिटीत इमर्जन्सी हेल्थच्या डिग्रीला ॲडमिशन. प्रत्येक पायरीवर वाटायचं की आता कुणीतरी येईल आणि म्हणेल, अहो तुम्ही चुकून इकडे आलात. कुणी आलं नाही. तेवढ्या जोरावर पुढे जात राहिले, खरंच सांगते, हिमतीच्या नाही.

ट्रेनिंगमध्ये ॲम्ब्युलन्सच्या गाडीवर बसायचं असतं, शिकाऊ म्हणून. एका दुपारी आम्ही एका अपार्टमेंटमध्ये गेलो, तर सोफ्यावर एक मराठी आजी. मला बघून त्यांचा जीव भांड्यात पडला. माझा हात धरून म्हणाल्या, कसंतरीच होतंय गं. माझ्या सोबतच्या पॅरामेडिकने विचारलं, काय म्हणाल्या? आणि मला सांगता येईना. मी म्हटलं, बरं वाटत नाही म्हणतात. त्याने तेच लिहून घेतलं. आजी पुढे बऱ्या झाल्या, पण मला चैन पडेना. कारण मला माहीत होतं की त्या शब्दात काय काय असतं. माझी आई ताप आला तरी तेच म्हणायची आणि बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या तरी तेच. पुढचं आपण ओळखायचं असतं. घरातले ओळखतात. गाडीतून आलेला माणूस कसं ओळखणार?

हे मी युनिव्हर्सिटीतल्या माझ्या प्रोफेसर मॅडमना सांगितलं, अडखळत, हातवारे करत. त्यांनी मला पहिल्याच दिवशी नावाने हाक मारायला सांगितलं होतं, इथे तसंच असतं, पण माझ्या तोंडून निघेना, मी आपली प्रोफेसर म्हणायचे. त्या ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं की तुला नक्की काय जाणून घ्यायचंय. आयुष्यभर मला लोकांनी विचारलं होतं काय येतं, कुठपर्यंत शिकलीस, स्वयंपाक येतो का, इंग्लिश येतं का. काय जाणून घ्यायचंय, हे कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, आपली म्हातारी माणसं दुखणं का लपवतात, आणि लपवताना ते कुठून बाहेर येतं. त्या म्हणाल्या, हाच तुझा रिसर्च.

बसमधून घरी येताना मी खिडकीला डोकं टेकवून एकटीच हसत होते. बाहेर सायकली पानांखाली गाडल्या गेल्या होत्या. एक मुलगा थंडीत हाफ पँटवर चालला होता. मला तोही आवडला.

आणि मग ते सगळं हळूहळू फिसकटत गेलं.

म्हणजे झालं काय, मी ओळखीओळखीने लोकांची घरं गाठली. ज्यांच्याकडे आईवडील राहायला आलेत अशी घरं, पुण्याची, नागपूरची, साताऱ्याची. युनिव्हर्सिटीची परवानगी होती, प्रश्न तयार होते, रेकॉर्डर नवा होता. मी जायचे, लोक प्रेमाने बसवायचे, चिवडा यायचा, चहा यायचा, रेकॉर्डर टीपॉयवर बशीशेजारी. समोर काका किंवा काकू, एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला सून. मी विचारायचे, इथे आल्यापासून कधी छातीत दुखलं, चक्कर आली, असं काही? आणि ते मुलाकडे बघायचे आणि म्हणायचे, छे, मला काय झालंय, सगळं छान आहे, हा फार काळजी घेतो आमची. आमच्या धंद्यात दुखणं एक ते दहामध्ये विचारतात, दहा म्हणजे सहनच होत नाही असं. तेही विचारलं. एका काकांनी गुडघा चोळत चोळत सांगितलं, दोन घाला. मी म्हटलं, काका, तुम्हाला जिना चढवत नाही म्हणालात ना. ते म्हणाले, बरं मग सहा द्या, फर्स्ट क्लास तरी होईल. सगळे हसले. मीसुद्धा हसले. रेकॉर्डिंगमध्ये ते हसणं किती तरी वेळ चाललंय, आणि मागे त्यांचा गुडघा चोळल्याचा आवाज येतोय.

सगळ्या मुलाखती अशाच. घराघरातून मी सगळं छान आहे गोळा करून आणलं.

फेब्रुवारीत प्रोफेसर मॅडमनी बोलावलं. त्या दिवशी बर्फाने शाळा बंद, म्हणून मैत्रीही सोबत. ती त्यांच्या पांढऱ्या बोर्डवर ॲम्ब्युलन्स काढत बसली, चाकं चौकोनी. मॅडम म्हणाल्या, आणि त्या वाईट बोलत नाहीत कधी, हळूच म्हणाल्या, की यात काही नाहीये. यावर थिसिस उभा राहणार नाही. मार्चमधली स्प्रिंग ब्रेकची सुट्टी संपेपर्यंत खरं बोलणं हाती आलं तर बघू, नाही तर ऑनर्स सोड, डिग्री तुझी आहेच, त्यात लाज काही नाही. मी मान हलवली. मैत्रीने विचारलं, मम्मी, व्हाय इज युअर फेस लाइक दॅट. मी तिचं जॅकेट चढवायला लागले आणि चेन लागेना.

घरी सुमेधला सांगितलं. तो चांगला आहे, मला कधी अडवलं नाही त्याने, पण तोही थकला होता, माझ्या अभ्यासापायी त्याने किती मीटिंगा कॅन्सल केल्या होत्या. तो म्हणाला, "सोड ना यार. डिग्री तर मिळतेच आहे. तुला कुणाला काय दाखवायचंय?"

मला राग आला. खरंच, कुणाला दाखवायचं होतं? मावशीला? ती तर तिकडे नागपुरात तिच्या मालिका बघत बसलेली. आता विचार करते तेव्हा वाटतं, मला एकदा शेवटपर्यंत जाऊन बघायचं होतं. बस. मी आजवर ज्या ज्या वर्गात बसले होते त्यातून मधूनच उठले होते, किंवा उठवली गेले होते. शेवटच्या तासाला शेवटच्या बाकावर काय दिसतं ते मला माहीतच नव्हतं.

आमचं विहार आहे एका घराच्या बेसमेंटमध्ये. रविवारी लोक जमतात, जयभीम होतो, पांढऱ्या चादरी अंथरलेल्या असतात, वंदना होते, बुद्धाच्या मूर्तीसमोर कुणीतरी सुपरमार्केटमधली ट्युलिप ठेवतं कारण दुसरं काही मिळत नाही. मग जेवण. जेवणाआधी म्हाताऱ्या बायका एका कोपऱ्यात भाजी निवडायला बसतात. त्या रविवारी इंडियन दुकानातून मेथीच्या जुड्या आणल्या होत्या, ढीगच होता, मीही जाऊन बसले. बोलायची इच्छा नव्हती. मान खाली घालून पानं खुडत होते. थंडीतली मेथी, देठ कडक, बोटांना हिरवा वास.

आणि त्या बोलत होत्या.

माझ्या शेजारी शांताकाकू. रिसर्चमध्ये नावं बदलावी लागतात, हे नाव त्यांनी स्वतःच निवडलंय. मुलाकडे राहतात, नातू सांभाळतात, आवाज असा की वरच्या मजल्यावर ऐकू जावा. त्या समोरच्या काकूंना सांगत होत्या की आमच्या वस्तीत एक बाई होती, तिच्या छातीवर रोज सकाळी पाटा ठेवल्यासारखं व्हायचं, पण सांगणार कोणाले, पोराची परीक्षा होती. दुसऱ्या म्हणाल्या, आमच्याकडे एक होती, तिला दवाखान्यात न्यायला रिक्षा आली तर ती आधी आंघोळीला गेली, जुन्या लुगड्यात कसं जायचं म्हणून. तिसऱ्या म्हणाल्या, आणि ती एक, जिने ओवा खाऊन खाऊन दिवस काढले, गॅस आहे म्हणत. कोणीही कोणाकडे बघत नव्हतं. सगळ्यांच्या नजरा मेथीवर. हात चालू, तोंड चालू. मी देठ हातात धरून तशीच बसले. या त्याच बायका होत्या ज्यांच्या घरी मी सोफ्यावर बसून सगळं छान आहे रेकॉर्ड करून आले होते.

तोंडासमोर बसून, लेकासुनेच्या देखत, तुम्हाला काय होतं असं विचारलं तर आपली बाई सांगत नाही. पोरांना ताप नको. पण तिच्या हातात काम द्या, नजर खाली असू द्या आणि गोष्ट दुसऱ्या बाईची असू द्या, मग ती सगळं सांगते. मला हे जन्मापासून माहीत होतं. माझी आजी, आई, काकू, सगळ्या अशाच तर बोलल्या. आणि मी युनिव्हर्सिटीत जाऊन ते विसरले, आणि टीपॉयवर रेकॉर्डर ठेवून समोरासमोर बसले, टीव्हीवर मुलाखत घेतात तशी.

सोमवारी मी पळतच मॅडमकडे गेले. अक्षरशः पळत, बर्फावर एकदा आपटलेसुद्धा. मला धाप लागली होती आणि मी मेथी मेथी म्हणत होते आणि त्यांना मेथी काय ते कळेना. शेवटी कळलं. त्या पुढे झुकल्या. म्हणाल्या, पद्धत बदलायची तर परवानगी पुन्हा घ्यावी लागेल, मी आजच पाठवते. परवानगी आली. मी विहारात सगळ्यांना उभं राहून सांगितलं की मी असं असं रेकॉर्ड करणार, कुणाचं नाव येणार नाही, ज्यांना नको त्यांनी त्या बाजूला बसा. शांताकाकू म्हणाल्या, "मंग त्या बाजूची भाजी कोण निवडन?" आणि कुणीच उठलं नाही.

ते रविवार. मला अजून त्यांचा वास येतो, मेथी, मटार, लसूण, ओल्या लोकरी मोज्यांचा वास. मी त्यांच्यात बसायचे, रेकॉर्डर शेंगांच्या टोपलीशेजारी सगळ्यांना दिसेल असा, आणि माझा प्रश्न एकच असायचा, अशी कुणी बाई होती का हो? मग बायकाच बायका निघायच्या. घरी येऊन कानात लावून ऐकायचे आणि एकेक वाक्य इंग्लिशमध्ये लिहायचे. जीव घाबरा होणं. पाठीत भरून येणं. जबड्याला कळ. मैत्री शेजारी बसून तिच्या स्पेलिंगचा अभ्यास करायची आणि मी माझ्या स्पेलिंगचा. कधी कधी माझी तीच दुरुस्त करायची, मम्मी, देअर आर टू एम्स. असू दे दोन. त्या दिवसांत मला सगळं चालत होतं.

स्प्रिंग ब्रेकमधला रविवार होता. मटार सोलत होतो. शांताकाकू त्यांच्या वस्तीतल्या बाईचं सांगत होत्या, तीच ती, पाटा ठेवलेली. म्हणाल्या, तिले घाम फुटायचा, थंडीतही फुटायचा. जबडा भरून यायचा. मग मळमळायचं. हे सांगताना त्यांचा आवाज लहान झाला. शांताकाकूंचा आवाज लहान झाल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. मी मान वर केली. बेसमेंटमध्ये गारठा होता, आम्ही सगळ्या शाली घेऊन बसलेल्या, आणि काकूंच्या ओठावर घामाचे थेंब. शेंग हातात होती, अंगठा तिच्यावर टेकलेला, पण शेंग फुटत नव्हती.

मी त्यांचं मनगट धरलं. नाडी अशी की बोटाला नीट सापडेना.

"काकू, त्या बाईला आत्ता होतंय का?" मी विचारलं.

त्या मटारांकडेच बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हो व बाई. सकाळपासून होऊन राह्यलं तिले."

मी रेकॉर्डर बंद केला. घाबरले नव्हते असं नाही म्हणणार, पण गंमत म्हणजे हात नव्हते घाबरले. हातांना माहीत होतं. एकीला सांगितलं ॲम्ब्युलन्सला फोन लाव आणि मला दे, एकीला सांगितलं जिन्यातले जोडे-चपला बाजूला कर. काकूंना भिंतीला टेकवून बसवलं. त्या म्हणाल्या, पोराले फोन कर आधी, तो मीटिंगमध्ये नसन आज. मी म्हटलं, करते, गाडी आधी. फोनवर पत्ता मी एका दमात सांगितला. पलीकडच्यांनी विचारलं, ॲस्पिरिनची काही ॲलर्जी, रक्तस्राव वगैरे, मग म्हणाले चावायला द्या. कुणाच्या तरी पर्समधून गोळी निघाली. काकूंनी तोंड वाकडं करून चावली आणि म्हणाल्या, काय कडू देऊन राह्यली.

गाडी आली. बूट घालून दोघं खाली उतरले, मिठाने पांढरे झालेले बूट, आणि आमच्या पांढऱ्या चादरींवरून ते आत आले तेव्हा त्या अवस्थेतही काकू मला म्हणाल्या की यांना बूट काढायला सांग ना, तथागत बसले आहेत. मी म्हटलं, तथागतांना चालतं काकू. क्रूमधल्या मुलाने खाली बसून विचारलं, एक ते दहामध्ये किती दुखतंय? मी मराठीत सांगितलं. काकूंनी सगळा विचार करून दोन बोटं वर केली.

मी त्या मुलाकडे बघितलं आणि इंग्लिशमध्ये बोलले, पहिल्यांदाच मनात आधी जुळवणी न करता. "यांचं दोन म्हणजे तुमचं दोन नाही. सकाळपासून छाती, जबडा, घाम. ईसीजी इथेच काढा." त्याने एक सेकंद माझ्याकडे बघितलं आणि बॅगेतून ईसीजीच्या वायर काढल्या. कागद बाहेर आला, आणि तो वाचल्यावर त्याचं बोलणं बंद झालं आणि हात भराभर चालायला लागले.

हार्ट अटॅक होता. वेळेत पोचल्या. नळी बंद झाली होती ती उघडली, आणि दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेले तर त्या नर्सला खुणेने सांगत होत्या की हा जेलीसारखा थलथलणारा जेलो घेऊन जा, याला काही चव नाही.

मला मात्र आता वेगळीच भीती. रिसर्च करताना असं काही घडलं तर युनिव्हर्सिटीला लिहून कळवावं लागतं. मी लिहिलं, चुका असतील तर असोत, जे झालं ते सगळं लिहिलं. की मी मुलाखत मध्येच तोडली. प्रश्न नीट विचारायच्या ऐवजी नाडी बघितली. मला वाटलं संपलं आता, आता म्हणतील ही बाई धड रिसर्चर नाही, धड पॅरामेडिक नाही, अर्धीच आहे. उत्तर यायला वेळ लागला. तेवढ्यात बर्फ वितळायला लागला, छपरांवरून थेंब थेंब, सायकली खालून बाहेर आल्या, गंजलेल्या, एकीची सीट गायब. उत्तर आलं की काम पुढे चालू ठेवा. आणि काकूंची परवानगी पुन्हा घ्या. ती मी घेतलीच होती. त्या म्हणाल्या होत्या, लिही सगळं, पण अशी एक बाई होती म्हणून लिही.

एप्रिल. जयंतीचा आठवडा, विहारात धामधूम, आणि त्याच आठवड्यात माझी कमिटी. तीन माणसं, एक लांब टेबल, पाण्याचा जग. मी सुमेधने इस्त्री केलेला ब्लेझर घातला होता. सुरुवातीला आवाज इतका कापत होता की मलाच माझं इंग्लिश कळेना. मग मी त्या बायकांच्या गोष्टी सांगायला लागले, ओव्याची, आंघोळीची, आणि कापणं कधी थांबलं ते कळलं नाही.

कमिटीत एक इमर्जन्सीचे डॉक्टर होते, पिकलेली दाढी, सगळ्यांना प्रश्न विचारून रडवतात अशी त्यांची ख्याती. त्यांनी कागद उलटले आणि विचारलं, ही एक मुलाखत मध्येच तुटते. का?

मी म्हटलं, "कारण माझा हात त्यांच्या नाडीवर होता."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाले, ठीक, पण बाकीच्या गोष्टी तर ऐकीव आहेत, अशी एक बाई होती, तशी एक बाई होती. ती बाई म्हणजे सांगणारी स्वतःच, हे तू कशावरून म्हणतेस?

हाच प्रश्न येणार याची मला रोज धास्ती होती. आणि आला तेव्हा कळलं की उत्तर किती सोपं आहे. मी म्हटलं, "मी तसं म्हणतच नाही. ती बाई कोण, हे मला माहीत नाही. पण गाडी घेऊन दारात जाणाऱ्याला बाई कोण हे कशाला हवं? कुठे दुखतंय ते हवं. ते दुसरीच्या नावाने सांगत असतील तर दुसरीच्या नावाने विचारा. आणि विचारताना जरा खाली बसा, हातात काहीतरी घ्या, ब्लड प्रेशरचा पट्टा गुंडाळा, त्यांच्याकडे टक लावून बघू नका."

डॉक्टर लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, माझ्या क्रूसमोर हे बोलायला येशील का.

आजकाल मी जाते बोलायला. स्वतःही गाडीवर असते, दिवसाच्या शिफ्टला, आणि नवी मुलं माझ्यासोबत असली की त्यांना फरशीवर बसायला शिकवते. त्यांना वाटतं ही माझी स्टाइल आहे. पण ते सगळं नंतरचं.

त्या दिवशी कमिटीने मला बाहेर थांबायला सांगितलं. दार लागलं. मी वळले तर कॉरिडॉरभर बायका. पांढऱ्या साड्या, वर जाडजूड जॅकेट, खाली बर्फ वितळला तरी बर्फाचेच बूट, विहारातल्या सगळ्याजणी, आणि मधे खुर्चीवर शांताकाकू. सुमेध त्यांना दोन गाड्या करून घेऊन आला होता आणि मैत्रीचा हात धरून एका कोपऱ्यात उभा होता, चेहरा असा की जणू निकाल त्याचाच लागणार. विद्यार्थी आम्हाला वळसा घालून जात होते. मी भिंतीला टेकले.

दार उघडलं. प्रोफेसर मॅडम बाहेर आल्या, त्यांचे डोळे ओले होते आणि त्या माझ्याशी हात मिळवायला आल्या आणि हात न मिळवता गळ्यातच पडल्या. ऑनर्स. तिघांचंही एकमत. मला ते शब्द ऐकू आले पण आत शिरायला वेळ लागला. सुमेधने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तो रडतोय की हसतोय ते मैत्री वाकून वाकून बघत होती.

"झाली का पास?" शांताकाकूंनी विचारलं, असं की कॉरिडॉरच्या त्या टोकाचा मुलगा दचकला.

मी मान हलवली.

"पुरी?"

"पूर्ण, काकू."

"मंग आता ऐक," त्या म्हणाल्या आणि खुर्चीत सरसावून बसल्या. "मले ना, हा डावा गुडघा रात्रभर ठणकते. मले. माझा. पोराले नाही सांगतलं अजून."

मग शेजारच्या काकू म्हणाल्या, मला पण गं, जिना चढले की धाप लागते. तिसऱ्या म्हणाल्या, धापेचं राहू द्या, माझं ऐका, मला सकाळी उठलं की खोली फिरते. चौथीने तिला थांबवलं, माझं आधी झालं होतं सुरू. आणि मग एकच गलका झाला, कुणाचा खांदा, कुणाची पाठ, कुणाची छातीतली धडधड, सगळ्याजणी एकदम, मोठ्याने, दंडाला धरून एकमेकींना मागे सारत, सरळ माझ्या तोंडाकडे बघून. हातात कुणाच्याही काही नव्हतं.

प्रोफेसर मॅडम घाबरल्या. माझ्या कानाशी येऊन विचारलं, काय झालं, भांडण आहे का?

"भांडण नाही," मी म्हटलं. मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. "दुखतंय म्हणतायत. सगळ्याजणी. स्वतःचं."